पोर असंल त्यालाच तिकीट

नागसेनच्या पायाला भिंगरी होती. गौरी टॉकीजचा मॅनेजर म्हणून त्याला केबिन होती, केबिनमध्ये खुर्ची होती, खुर्चीवर बायकोनं शिवून दिलेली उशी होती. पण गडी तिच्यावर टेकलेला कुणी बघितला नव्हता. बुकिंगच्या खिडकीपासून गेटपर्यंत, गेटपासून वर मशीनच्या खोलीपर्यंत आणि तिथून परत खाली, असा त्याचा दिवसभर फेरा. आयुष्य टॉकीजात घालवलं आणि एक पिक्चर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितला नाही. असला मॅनेजर दुसरीकडं शोधून सापडायचा नाही.

त्या गुरुवारी तर तो जास्तच सैरभैर झाला होता. पुण्याहून एसटीनं रिळांचे डबे यायचे होते, आणि तो स्टँडवर जाऊन तीनदा कंट्रोलरचं डोकं खाऊन आला होता. डब्यात काय होतं? जपानी कार्टूनचा पिक्चर, हिंदीत डब केलेला. 'सात पुलों के पार'. कोल्हापुरात असला पिक्चर कधी लागलेला कुणाच्या ऐकिवात नव्हता.

आता गौरी टॉकीज म्हणजे काय, हे गावात कुणाला सांगायला नको, पण बाहेरच्यांना सांगावं लागणार. दुपारचे, संध्याकाळचे खेळ सरळ. घरदार घेऊन बघावेत असे. पण घरदार येतंय कशाला? केबल घरात आली होती. टॉकीज तगून होती ती सकाळच्या खेळावर. मॉर्निंग. ह्या शब्दाला माणसं आवाज खाली आणायची. कुठलातरी परदेशी पिक्चर, पोस्टरवरच्या बाईला काळ्या रंगाच्या पट्ट्या मारलेल्या, आणि खाली ठळक अक्षरात 'आरोग्यविषयक माहितीपूर्ण चित्रपट', म्हणजे पोलिसांनी विचारलं तर सांगायला तोंड पाहिजे. बघणारे सगळे बाप्ये. तोंडाला रुमाल बांधून आत जायचे आणि सुटल्यावर मागच्या बोळातनं पसार व्हायचे. मालक शंकरप्पा निपाणीकडचा, तंबाखूच्या पेढीवाला. टॉकीजला त्यानं आईचं, गौराबाईचं, नाव दिलं होतं, आणि त्या माउलीनं कित्येक वर्षांत तिथं पाऊल टाकलं नव्हतं.

नागसेनला हे आवडत होतं असं नाही. पण पोट होतं, म्हणून चालवून घेत होता. चालेनासं झालं ते साक्षीमुळं.

साक्षी त्याची एकुलती एक, सातवीतली. एकदा शाहूपुरीत भर बाजारात तिची मैत्रीण आईबरोबर भेटली आणि तोंडभर हसून म्हणाली, "काका, तुमच्या ऑफिसातनं धरण दिसतं का हो?" नागसेनला काही उमगेना. साक्षी खाली मान घालून चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत उभी होती. मग डोक्यात प्रकाश पडला. पोरीनं शाळेत सांगून ठेवलं होतं, आमचे पप्पा पाटबंधारे खात्यात आहेत म्हणून.

"दिसतंय की," नागसेन म्हणाला. "पावसाळ्यात तर पाणी पार माझ्या टेबलाला टेकतंय."

मैत्रीण खूश होऊन गेली. नागसेनला तिचा राग आला नव्हता, खोटं कशाला बोला. पण त्या दिवसापासून त्यानं एकच ध्यास घेतला. साक्षीनं मैत्रिणींना घेऊन, मान वर करून, गौरी टॉकीजच्या पुढच्या दारानं आत यायचं. मग बाकी जग गेलं उडत.

हा कार्टूनचा नाद त्याला साक्षीनंच लावला होता. शाळेतनं आली की दप्तर फेकून टीव्हीवर जपानी कार्टूनं. गावातल्या सगळ्या पोरांना तेच याड. वेफर्सच्या पुड्यात फुकट मिळणाऱ्या प्लास्टिकच्या चकत्यांवर तीच चित्रं, आणि चकती काढून घेतली की वेफर्स कुत्र्याला. टीव्हीवर जे एवढं चालतं ते पडद्यावर का चालू नये? नागसेननं पुण्याच्या एका वितरकाला फोन लावून लावून हा पिक्चर मिळवला. त्याची बायको विशाखा तर म्हणाली, "जपान म्हंजे बुद्धाला मानणारी माणसं. चांगलंच असंल काहीतरी. आणा की."

शंकरप्पा मात्र सहजासहजी पाघळणारा नव्हता. "दुपारचं, संध्याकाळचं ठरल्यालं हाय," तो म्हणाला. "सकाळी लाव. आइतवारपतोर बगतो. न्हाय चाललं तर सोमवारी आपलं जुनं चालू, आणि परत ह्यो विषय माझ्याम्होरं काढायचा न्हाय."

"चालतंय, अण्णा," नागसेन म्हणाला आणि उड्या मारत बाहेर पडला. इथंच घोडं पेंड खात होतं. इतकी वर्षं मॉर्निंग लावून लावून नागसेनला मॉर्निंग म्हणजे नुसती सकाळची वेळ वाटायला लागली होती. गावाला तसं वाटत नव्हतं.

जाहिरात करायची ती सयाजीच्या रिक्षातनं. वर भोंगा, दोन बाजूंना बोर्ड. सयाजीचा आवाज खर्जातला, आणि गौरीच्या जाहिरातीला तो आणखी खाली नेऊन, शेवटी जरा दम खाऊन सांगायचा. नागसेननं त्याला मजकूर लिहून दिला आणि सयाजीनं तो नेहमीच्याच सुरात गावभर वाचला: "गौरी टॉकीजमध्ये, रोज सकाळी, जपानी चित्रपट. खास लहान मुलांसाठी. सहकुटुंब पाहा."

पापाच्या तिकटीला, चौकात, माणसं चहाचा कप हातात धरून ऐकत राहिली.

"सहकुटुंब म्हणं," एकानं डोळा मारला.

"मागच्या म्हयन्यात आरोग्याचं हुतं, आता ल्हान मुलांचं हाय," दुसरा म्हणाला. "पोलिसांचा तरास वाडला असंल, बिचाऱ्यांना."

"पण जपानी हाय, भावा. चुकवायचा न्हाय."

तिकडं नागसेन साक्षीच्या शाळेत जाऊन शिवलीला टीचरांना भेटला. बाई धीराची. आधी तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग पिक्चरची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "शाळा दुपारची आहे. शुक्रवारी सातवीच्या मुलींना घेऊन येते. पण नागसेनभाऊ, तिथं वातावरण चांगलं पाहिजे हं."

"टीचर, देवळात आल्यासारखं वाटंल," नागसेन बोलून गेला.

घरी साक्षीनं आपला निळा फ्रॉक इस्त्री करून खुंटीला लावून ठेवला. विशाखानं हळूच नवऱ्याच्या कानावर घातलं, "ती म्हणत्या, पिक्चर चांगला निघाला तर मैत्रिणींना खरं सांगून टाकणार हाय. टॉकीज माझे पप्पा चालवत्यात म्हणून." मग काय विचारता. नागसेनला त्या दिवशी भाकरीही उभ्यानंच गिळावी लागली.

शुक्रवार उजाडला. नागसेन गेटवर आला आणि बघतच राहिला. गर्दी रस्त्यापर्यंत आली होती. 'हाऊसफुल्ल'चा बोर्ड जिन्याखालनं कोळिष्टकं झाडून बाहेर काढावा लागला. दारावरचा आकाराम, जुना पैलवान, मोडलेले कान हलवत म्हणाला, "सायेब, जाळ आन् धूर संगटच." नागसेनची छाती फुगली. आणि मग त्याला दिसलं की गर्दीत एकही पोर नाही. एकही बाई नाही. सगळे बाप्ये, आणि सगळ्यांच्या तोंडाला रुमाल.

नेमक्या त्याच वेळेला कोपऱ्यावरनं शिवलीला टीचर आल्या. मागं दोन-दोनच्या रांगेत सातवीच्या मुली, केसांना रिबिनी, हातात खाऊचे डबे. बाप्यांनी रुमाल डोळ्यांपर्यंत ओढले. काही वळून भिंतीवरच्या जाहिराती वाचायला लागले. तेवढ्यात रांगेतली एक मुलगी आनंदानं म्हणाली, "मामा, तुम्ही पण कार्टून बघायला आलाय?" मामा टॉकीजच्या भिंतीवरनं पलीकडं उडी मारून दिसेनासा झाला.

टीचरांनी हातानं खूण केली आणि रांग जशी आली तशी माघारी वळली. निळ्या फ्रॉकमधली साक्षी शेवटची होती. तिनं एकदाच वळून बघितलं. नागसेननं हात वर केला, आणि तिच्या चेहऱ्याकडं बघून तो तसाच खाली घेतला.

आत पिक्चर सुरू झाला. एक पोरगी, तिची एक लंगडी शेळी. आई हरवलेली. आईचा शोध घ्यायचा तर सात पूल ओलांडून जायचं, आणि दर पुलावर एक राखणदार उभा, तो विचारणार, तू कुणाची मुलगी? उत्तर पटलं तर पूल खुला. पब्लिक आधी शांत होतं. "यील, यील," एकमेकांना समजावत होते, "सुरवातीला आसंच दाखवत्यात." तिसरा पूल गेला तरी काही येईना, तेव्हा पुढच्या रांगांतनं शिट्ट्या सुरू झाल्या. "पैसे परत द्या" असा गलका उठला. आणि नवल म्हणजे मागनं दुसरा गलका उठला, "गप बसा की लेकांनो, बगू द्या जरा." झालं. पुढचे आणि मागचे एकमेकांच्या उरावर बसले, खुर्च्या मोडल्या.

पडद्यावर चौथा पूल आला होता. राखणदारानं फाटक लावून घेतलं होतं, नदी चढत होती, पोरगी ह्या काठाला आणि शेळी त्या काठाला. नागसेन वर मशीनच्या खोलीत पोचला तेव्हा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्यानं स्वतःच्या हातानं मशीन बंद केलं, दिवे लावले आणि खिडकीतनं खाली ओरडला, "जावा घरी. तोंड दाखवू नगा परत."

संध्याकाळी साक्षी जेवली नाही. भिंतीकडं तोंड करून बसली होती. नागसेन तिच्याजवळ जाऊन उभा राहिला, पुन्हा दारापर्यंत गेला, पुन्हा आला.

"मी आज सांगणार होते," ती म्हणाली. आवाज रडून बसला होता. "पप्पा, तुम्ही खरंच पाटबंधाऱ्यात असायला पाहिजे होता."

नागसेनला त्या क्षणी स्वतःची, टॉकीजची आणि त्या सगळ्या रुमालवाल्यांची एकदमच किळस आली. तो तसाच चपला घालून पेंटरकडं गेला आणि बोर्ड रंगवून घेतला. शनिवारी सकाळी तो गेटवर लटकला: 'लहान मूल सोबत असल्याशिवाय पुरुषांना तिकीट मिळणार नाही.'

आकारामला नियम फार आवडला. तालीम सोडल्यापासून माणसं अडवायची अशी मोकळीक त्याला मिळालीच नव्हती. माणसं येत होती, बोर्ड वाचत होती, आकारामच्या दंडाकडं बघत होती आणि जात होती. पोरं काही आली नाहीत. आईबापांच्या डोक्यात अजून कालचीच गौरी होती. खेळ रद्द करावा लागला.

शंकरप्पाची गाडी तेवढ्यात आली. "डोस्कं फिरलंय काय तुजं?" तो गाडीतनं उतरायच्या आधीच सुरू झाला. "काल भरल्यालं घर आज रिकामं केलंस. ह्येला धंदा म्हंत्यात व्हय?"

नागसेन एरवी मालकापुढं मान खाली घालणारा. त्या दिवशी त्यानं घातली नाही. "अण्णा, टॉकीजला तुमच्या आईचं नाव हाय," तो म्हणाला. "अव्वांना एकदा हितं आत आणून बसवून दाखवा. मग म्हणाल ते लावतो."

शंकरप्पानं वर टॉकीजच्या नावाच्या पाटीकडं बघितलं, मग दुसरीकडं बघितलं. "आइतवारपतोर बोल्लोय," तो पुटपुटला. "आइतवार म्हंजे आइतवार."

दुपारी गूळ मार्केटातला हमाल पिराजी गेटवर आला. कालच्या मागच्या रांगेतला. तोंडाला रुमाल नव्हता.

"मॅनेजर, त्या शेळीचं काय झालं वो?"

"मला काय ठावं? मी तरी कुठं बगितलाय?"

"असं कसं? मशीन तुमीच बंद केलं की." पिराजी खरोखरच कावला होता. "काल गल्लीतल्या पोरांना निम्मी गोष्ट सांगून बसलो. आता कारटी जीव खायाला लागल्यात. पोरीला आय गावली का? शेळी वाचली का? मला एकट्याला सोडा आत. बगून येतो आन् सांगतो त्यास्नी."

"पोर असंल तरच," आकाराम मध्ये पडला.

"मला पोरबाळ न्हाय, पैलवान."

"मग गल्लीतली आणा की," नागसेन म्हणाला. म्हणताना त्याला वाटलं, चेष्टाच करतोय आपण.

रविवारी सकाळी साक्षी डोकं विंचरता विंचरता म्हणाली, "पप्पा, आमच्या वर्गातल्या मुली आज येणार आहेत. एकीच्या मामानं तिला गोष्ट सांगितली. ते शुक्रवारी मागच्या बाजूनं टॉकीजच्या खिडकीतनं ऐकत होते म्हणे." ती थोडं थांबली. "मी पण येते त्यांच्याबरोबर. तुम्ही फक्त मला हाक मारू नका."

"न्हाय मारत," नागसेन म्हणाला. आणि लागलीच बाहेर पडला, कारण तिच्यासमोर त्याला उभं राहवेना.

टॉकीजपाशी आला तर गेटवर जत्रा. पुढं पिराजी, त्याच्या धोतराला, हाताला, खांद्याला सगळी गल्ली लोंबकळलेली. भिंतीवरनं उडी मारलेला मामा आज दोन्ही भाच्यांना घेऊन, भांग पाडून, पुढच्या दारात उभा. एकानं कसबा बावड्याहून बहिणीची पोरगी सायकलच्या दांडीवर बसवून आणली होती. शेळीचं काय झालं ते बघायला शुक्रवारचं सगळं पब्लिक हजर होतं, पण प्रत्येकाच्या बोटाला काहीतरी वळवळत होतं, आणि रुमाल होते ते पोरांची नाकं पुसायला. ज्यांना पोर मिळालं नव्हतं ते रस्त्यावर पोरांची मनधरणी करत होते. पोरंही बिलंदर, गारेगार दिल्याशिवाय कुणाचा पुतण्या व्हायला तयार नव्हती. एक बहाद्दर मिसरूड फुटलेल्या धाकट्या भावाला घेऊन आला.

"ह्यो ल्हान?" आकारामनं विचारलं. "ह्येला सोयरीक बगा, पावणं. तिकीट न्हाय."

पोरांबरोबर आया आल्या, आयांबरोबर शेजारणी. शंकरप्पानं गाडीतनंच हे बघितलं, ड्रायव्हरला गाडी गावातल्या घराकडं वळवायला सांगितली आणि थोड्या वेळानं परतला तो आईला घेऊन. गौराबाई इरकल नेसून, नातवंडांच्या वयाच्या पोरांतनं वाट काढत, कन्नडमधनं काहीतरी पुटपुटत आत गेली. मागनं शंकरप्पा तिची पिशवी धरून.

नागसेन तिकिटं फाडायला दारात उभा होता. सातवीच्या मुली आल्या. त्यानं नजर हातावर ठेवली. एकेक तिकीट फाडलं, अर्धं परत दिलं. साक्षीचा हात त्याला न बघताच ओळखू आला. करंगळीच्या नखाला मेंदी होती. तिनं अर्धं तिकीट घेतलं आणि एखाद्या परक्याच्या पुढनं जावं तशी ती पुढं गेली. कबूल केलं होतं, त्यामुळं त्यानं हाक मारली नाही. पण आतनं पार मोडल्यासारखं झालं.

घंटा झाली. एवढ्या वर्षांत नव्हती ती इच्छा आज त्याला झाली. आत जाऊन, अंधारात मागं कुठंतरी उभं राहून, निदान तिच्या डोक्याचा मागचा भाग तरी दिसेल. तो दारातनं आत जायला निघाला तर आकारामचा दंड आडवा.

"पोर कुटाय, सायेब?"

"आकाराम, चेष्टा नगं."

"बोर्ड तुमीच लावलाय न्हवं? मालकसुदिक त्येंच्या आयचं पोर म्हणून आत गेल्यात. तुमाला कसं सोडू?"

मागं राहिलेले हसायला लागले. पिराजी म्हणाला, "मॅनेजर, एक पोर उसनं देऊ का?" आणखी हशा. जिन्यावर पोचलेल्या मुली वळून बघायला लागल्या. नागसेनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. साक्षीकडं नजर जाऊ नये म्हणून तो खाली बघत राहिला. "बरं, ऱ्हाऊ दे," तो म्हणाला आणि केबिनकडं वळला.

"आकारामकाका, सोडा त्यांना."

जिन्यावरनं आवाज आला. साक्षी दोन पायऱ्या खाली आली होती. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता.

"मी हाय की त्यांची. माझे पप्पा हाईत ते."

धरणाचं विचारणारी मैत्रीण तिच्या शेजारीच होती. "अगं, पण ते पाटबंधारे..."

"न्हाईत. हितंच असत्यात. मॅनेजर हाईत. मी खोटं सांगितलतं."

आकारामनं दंड खाली घेतला आणि दार धरून बाजूला झाला. नागसेनला पायरी दिसेना, डोळे भरून आले होते. साक्षीनं खाली येऊन त्याचा हात धरला आणि मान वर करून, सगळ्या गर्दीतनं, त्याला आत नेलं.

मुलींच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर त्याला बसवण्यात आलं. पिक्चर सुरू झाला. पहिला पूल गेला, दुसरा गेला. पोरं ओरडत होती, बाप्ये त्यांना गप्प करत होते आणि स्वतःच ओरडत होते. चौथा पूल आला, फाटक लागलं, नदी चढायला लागली, आणि मशीनकडं बघून यावं म्हणून नागसेन सवयीनं उठायला लागला.

साक्षीनं त्याच्या शर्टाची बाही धरून त्याला खाली ओढलं.

"बसा की, पप्पा," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "अजून तीन हाईत."